लाल सिग्नल पाहिलेला माणूस

६ सप्टेंबर २०२५, शनिवार

सकाळी १०.२० ला फोन आला. नंबर अनोळखी.

"सूर्या, मी केशव बोलतोय."

"कोण केशव?" मी विचारलं. आवाज पहिल्या शब्दाला ओळखला होता. तरी विचारलं.

केशवराव. इंजिन ड्रायव्हर. सात वर्षं आम्ही एका गाडीवर होतो, तो पुढे इंजिनात, मी सगळ्यात मागे गार्डच्या डब्यात. त्यानंतर बावीस वर्षं एक शब्द नाही. आता तो मुलीकडे राहतो म्हणे, कुर्गात, मडिकेरीच्या पुढे. रेणू तिथे बागायत खात्यात ऑफिसर आहे. वहिनी तीन वर्षांपूर्वी गेल्या.

"शनिवार-रविवार काढून ये. इथं इतकं हिरवं आहे की डोळे दमतात. आणि एक गोष्ट बोलायची आहे. फोनवर नको."

मी "हौ" म्हणून गेलो. फोन ठेवल्यावर कळलं की उभा राहूनच बोलत होतो आणि चहावर साय धरली होती.

एक गोष्ट बोलायची आहे. कोणती, ते मला माहीत आहे.

७ सप्टेंबर, रविवार

सकाळी बुद्धवंदना झाली. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज दरवेळी बारीक होतो. बायकोला, चतुराला, वाटतं घसा बसलाय. आज तिने ज्येष्ठमध हातात दिला. चघळत बसलो.

दिवसभर दुसरं काही केलं नाही. फॅन साफ केला. तो साफच होता.

८ सप्टेंबर, सोमवार

काचीगुडा स्टेशनवर जाऊन तिकीट काढलं. गुरुवारची मैसूर, परतीचं रविवारचं. खिडकीवरचा पोरगा मला ओळखत नाही. चौतीस वर्षं याच स्टेशनातून हिरवा झेंडा दाखवला, त्यातलं शेवटचं वर्ष-दीड वर्ष तर मी गार्डही नव्हतो, 'ट्रेन मॅनेजर' होतो. नाव बदललं, डबा तोच.

घरी आलो तर चतुरा म्हणाली, "केशवभाऊ म्हणजे तेच ना, ज्यांच्या घरून दिवाळीला अनारसे यायचे?"

"हौ."

"मग जाणं-येणं का बंद झालं?"

"ड्यूट्या बदलल्या."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाली, "जा एकदाचे. रिटायर झाल्यापासून गॅलरीतून दारात आणि दारातून गॅलरीत. मला फरशी पुसायला मिळत नाही तुमच्या पायांपायी."

१० सप्टेंबर, बुधवार

सुलतान बाजारात गेलो. रेणूसाठी शाल बघितली. दुकानदार म्हणाला, "चाचा, ये लेव, एकदम गरम है." घेतली. गौलीगुड्यापर्यंत चालत आलो आणि वाटलं, रंग चुकला. परत गेलो, बदलली. पुन्हा वाटलं पहिलीच बरी होती. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दुकानदाराने दोन्ही समोर ठेवल्या आणि स्वतः नमाजाला निघून गेला. निळी घेतली.

तिकीट रद्द करावं का? उद्या दुपारपर्यंत करता येईल.

११ सप्टेंबर, गुरुवार. गाडीत

रद्द केलं नाही. १९.१२ ला सुटली, सात मिनिटं लेट. समोरच्या बाईने विचारलं, "काका, बसत का नाही?" मी तीनदा दारापर्यंत जाऊन आलो होतो. प्रत्येक सिग्नल वाकून बघतो. आता माझं काय काम त्यात? पण बघतो.

ही वही मी गार्डच्या जर्नलची सवय सुटेना म्हणून सुरू केली. गाडी किती वाजता सुटली, कुठे थांबली, का थांबली. यात ती एक गोष्ट आजवर लिहिली नाही. आज लिहितो.

मे २००३. आमची पॅसेंजर गाडी. पहाटे ४.५० चा सुमार. एका लहान स्टेशनात शिरण्याआधीचा सिग्नल लाल होता, आणि केशवने गाडी त्याच्या पुढे नेली. असिस्टंट इंजिनाच्या मागच्या भागात मशीन तपासायला गेला होता. तो परतला, ओरडला, ब्रेक लागला. समोर उभ्या मालगाडीच्या शेवटच्या डब्यापासून दीडशे पावलांवर आम्ही थांबलो.

चौकशीत केशव म्हणाला, सिग्नल पिवळा होता, म्हणजे हळू पुढे जायची मुभा. स्टेशन मास्तर म्हणाले, लाल. असिस्टंट परतला तेव्हा सिग्नल मागे गेला होता. त्या सिग्नलबद्दल आधी तक्रारी होत्या, त्यामुळे नक्की कुणाचं धरायचं ते ठरेना. मग मला विचारलं. तिथे वळण आहे, मागच्या डब्यातून सिग्नल दिसतो. गार्डने तो बघायचाच असतो.

मी म्हणालो, "पाहिला साहेब. लाल होता."

मी पाहिला नव्हता. डोकं खाली घालून जर्नल भरत होतो. पण नाही पाहिला म्हटलं असतं तर माझ्यावरही आलं असतं; मास्तरांची री ओढणं सोपं होतं. आमचा मुलगा धम्मदीप तेव्हा नववीत होता.

केशवला नोकरीतून काढलं. अपिलात परत घेतलं, पण इंजिनावर नाही, दुरुस्तीच्या शेडमध्ये. स्टेशनच्या जिन्यावर एकदा समोरासमोर आलो. तो बाजूला सरकला, मला वाट दिली.

मी पुढे मेल-एक्स्प्रेसचा गार्ड झालो.

लिहून झालं. वाटलं होतं बरं वाटेल. नाही वाटलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. केशवच्या मुलीचं घर

मैसूरला ९.४० ला उतरलो, तिथून बस. साडेतीन तास. बस वर चढायला लागली तशी कान बंद झाले. दोन्हीकडे कॉफी, कॉफीवर सिल्व्हर ओकच्या झाडांची सावली, झाडांवर मिऱ्याचे वेल. हिरव्याशिवाय दुसरा रंग नाही. आमच्या परभणीकडे एवढी हिरवळ दिसली असती तर लोकांनी तिकीट लावलं असतं.

स्टँडवर केशव उभा होता. आधी ओळखलाच नाही. कानटोपी, हातात छत्री, पायात गुडघ्यापर्यंत बूट. केवढा थोरला माणूस होता, अर्धा झालाय. मी हात पुढे केला. त्याने हात बाजूला सारून मिठी मारली. मी तसाच लाकडासारखा उभा.

"वाळला का नाहीस बे तू? रिटायर लोक वाळतात."

"चतुरा जेवायला घालते."

"नशीबवान."

या 'नशीबवान'मध्ये काही होतं का? बसमधून उतरल्यापासून मी त्याचा प्रत्येक शब्द उलटून बघतोय.

रेणूचं घर उतारावर आहे. नवरा ट्रेनिंगला बेंगलोरला गेलाय, त्यामुळे आम्ही तिघंच. तिने माझ्या पाया पडून शाल लगेच अंगावर घेतली. मराठी बोलते, पण अडखळत, मध्येच कन्नड. "काका, तुम्ही आलात, बाबा परवापासून झाडतायत. अंगण झाडून झालं, मग रस्ता झाडला."

पायाला जळू चिकटली होती. मला कळलंही नाही. केशवने खाली बसून मीठ लावलं, ती गळून पडली. कानटोपी काढलेली, वरून मला त्याचं टक्कल दिसत होतं. तो माझ्या पायाशी बसलाय हे मला सहन होईना. "राहू दे रे," म्हणालो. तो म्हणाला, "हलू नको."

अजून काही बोलला नाही. जेवताना नाही, नंतरही नाही. मला वाटतं, उद्या मला कुठेतरी एकट्याला नेऊन विचारेल. विचारू दे. मी सगळं कबूल करणार आहे. मग तो जे म्हणेल ते ऐकून घेईन आणि मोकळा होईन.

इथे फार शांत आहे. घड्याळाची टिकटिक ऐकू येते. सेल काढून ठेवावा का?

१३ सप्टेंबर, शनिवार. दुपार

झालं ते भलतंच झालं. नीट लिहितो.

सकाळी ७.३० ला त्याने मला खालच्या भातशेतात नेलं. बांधावरून चालत ओढ्यापर्यंत. पाऊस थांबला होता, समोरच्या डोंगरावर ढग बसलेला. तो म्हणाला, "बघ, कसं आहे?" मी म्हणालो, "छान आहे." काय बघितलं ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

ओढ्याच्या दगडावर बसलो. मी तोंड उघडणार तेवढ्यात तोच म्हणाला, "सूर्या, सिग्नल लालच होता."

मी दगडावरचं शेवाळ नखाने खरवडायला लागलो.

"मी झोपलो होतो. बसल्या बसल्या. रेणूची आई त्या आठवड्यात दवाखान्यात होती, तीन दिवस डोळा लागला नव्हता. ते कारण नाही म्हणा. झोपलो ते झोपलो. जाग आली ती असिस्टंटच्या ओरडण्याने. पिवळा होता म्हणून सांगितलं ते खोटं. वाटलं होतं तू सांभाळून घेशील. तू काहीच बोलला नसतास तरी मी सुटलो असतो."

"केशव..."

"थांब. दोन वर्षं मी तुझ्यावर जळलो. शेडमध्ये ग्रीस पुसताना रोज तुला शिव्या द्यायचो. घरी भाऊ यायचा. एकदा म्हणाला, 'तू त्याला घरात बसवून जेवू घातलंस, शेवटी तो जातीवर गेला.' रेणूच्या देखत म्हणाला. आणि काय झालं की, ते ऐकल्यावर माझंच मला कळलं. मी म्हणालो, चौकशीत आमच्या गाडीवरचा खरं बोलणारा तो एकटा होता. खोटं मी बोललो, तुझा सख्खा भाऊ. चालता हो. त्यानंतर त्याच्या दारात पाऊल टाकलं नाही. मागच्या साली तो गेला. मातीलाही गेलो नाही."

ढग डोंगरावरून उतरून शेतात आला होता. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दोस्तीत माणूस खोटं बोलतो. तू बोलला नाहीस. हे तुला समोर बसवून सांगायचं होतं, इतकी वर्षं तोंड झालं नाही. डॉक्टर म्हणतात हृदय कमी चालतं. म्हटलं, राहून नको जायला."

मी काय केलं? मी म्हणालो, "थंडी वाजतेय, परत जाऊ."

तेव्हापासून खोलीत आहे. म्हणजे मी बोललो ते खरंच निघालं. लाल होता. मग मी कुणाचं काय बिघडवलं? शिक्षा झाली ती ज्याची चूक त्याला. बावीस वर्षं मी उगाच परेशान झालो. यावर मला बरं वाटायला पाहिजे.

गप्प राहिलो तर सगळे सुखी. तो, रेणू, मी.

त्याच दिवशी, संध्याकाळ

रेणूने तांदळाचे कडंबुट्टू केले होते, उकडलेले गोळे. सोबत केशवने केलेलं आपल्याकडचं पिठलं. वाढता वाढता ती म्हणाली, "काका, लहानपणी मी खोटं बोलले की बाबा मारायचे नाहीत. म्हणायचे, सूर्याकाकाची आठवण काढ. मी एकदा कॉलेजात कॉपी केली, सगळ्यांनी केली, सर विचारायला आले तेव्हा मी एकटीच उभी राहिले. वर्ष गेलं माझं." हसत होती.

केशव ताटात बघत हसत होता.

मी अजून एक गोळा मागितला. तिने दोन वाढले.

गप्प राहायचं तर आता जन्मभर या घरात तो सूर्याकाका होऊन राहावं लागेल. आणि सांगायचं तर त्या भावाचं काय? तो माझ्या जातीवरून बोलला, ते हरामखोरपणाचं बोलणं होतं, आजही आहे. पण केशवने त्याला जे उत्तर दिलं ते माझ्या खोट्यावर उभं आहे. मी माझ्या एकट्याच्या नोकरीसाठी बोललो आणि ते कुठकुठे जाऊन बसलं.

सांगणार नाही. ठरलं.

१४ सप्टेंबर, रविवार. मैसूर स्टेशन, प्लॅटफॉर्मवर

सांगितलं.

रेणूने सकाळी जीपने स्टँडवर सोडलं आणि ती भाजी घ्यायला गेली. बस यायला पंधरा मिनिटं होती. केशवने मला मिऱ्याची पिशवी दिली, मधाची बाटली दिली. म्हणाला, "डिसेंबरात चतुरावहिनींना घेऊन ये. कॉफी लाल होते तेव्हा."

मी म्हणालो, "केशव, मी सिग्नल पाहिला नव्हता."

त्याला कळलं नाही. "काय?"

"लाल पाहिला म्हणालो, तो पाहिला नव्हता. जर्नल भरत होतो. नाही पाहिला म्हटलं असतं तर मी अडकलो असतो. म्हणून म्हणालो. लाल होता हे मला माहीत नव्हतं."

तो स्टँडवरच्या पाटीकडे बघत राहिला. पाटी कन्नडमध्ये होती, मला वाचता येईना, तरी मीही तिकडेच बघत होतो.

"पिवळा असता तर?" तो म्हणाला.

"तरी मी लालच म्हणालो असतो."

"म्हणजे मी निर्दोष असतो, तरी."

"हौ."

त्याने छत्री उघडली. पाऊस नव्हता. पुन्हा मिटली. "भाऊ जे बोलला ते चूकच होतं, सूर्या. आजही चूकच. पण त्याच्यापुढे मी तुझं नाव ठेवलं होतं. ते आता कुठं ठेवू? रेणूला काय सांगू?"

बस आली. त्याने माझी बॅग वर ठेवली, तेवढं केलं. खिडकीशी आला नाही. बस वळली तेव्हा पाठमोरा दिसला, भाजीवाल्यांकडे चालत होता.

मोकळा होईन असं लिहिलं होतं शुक्रवारी.

अजून एक. आता लिहितोच. त्या पहाटे मी जर्नल भरत नव्हतो. झोपलो होतो. चौकशीत खोटं बोललो, या वहीत गुरुवारी खोटं लिहिलं, आज केशवला कबुली दिली त्यातही तेवढं खोटं ठेवलं. एवढं सगळं बोलूनही आपली थोडी बाजू राखून ठेवली.

१५ सप्टेंबर, सोमवार

गाडी ५.५५ ला पोचली, पंधरा मिनिटं लेट. चतुराने विचारलं, कसं होतं तिकडे? म्हणालो, हिरवं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

तीन दिवस केशवचा फोन नाही. मीही केला नाही. गॅलरीतून दारात, दारातून गॅलरीत. आज सकाळी नाश्ता झाल्यावर चतुराने झाडू भिंतीला टेकवला, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

"बोला," म्हणाली. "आता लय झालं."

मी सगळं सांगितलं. झोपलो होतो हेही. केशवचं, त्याच्या भावाचं, रेणूचं वर्ष गेलं ते. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हतो. मनात तयारी केली होती की ती म्हणेल, मला एवढी वर्षं का नाही सांगितलं? किंवा म्हणेल, जाऊ द्या, लेकरासाठी केलं.

तिने दुसरंच विचारलं.

"गाडीत माणसं किती होती?"

"काय?"

"गाडीत हो. पुढचा झोपलेला, मागचा झोपलेला. मधे माणसं होती ना? किती होती?"

गाडी ४.५० ला थांबली हे मला माहीत आहे. मालगाडी दीडशे पावलांवर होती, मी स्वतः मोजली होती. सुटली ६.३५ ला. डबे अकरा होते. माणसं किती ते माहीत नाही. चौकशीत कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला कधी विचारलं नाही. बावीस वर्षं मी केशवचं काय झालं आणि माझं काय झालं एवढंच उगाळत बसलो.

ती उठली आणि झाडायला लागली. रागावली नव्हती. मला तेच कठीण गेलं.

१०.४० ला मी केशवला फोन लावला. वाटलं, उचलणार नाही. सात-आठ रिंग झाल्या. मग उचलला. श्वास ऐकू येत होता.

मी म्हणालो, "केशव, मी पण झोपलो होतो. जर्नल भरत नव्हतो. ते पण खोटं होतं."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"चतुराला सांगितलं सगळं. ती विचारते, गाडीत माणसं किती होती?"

पलीकडे पाऊस पडत होता, पत्र्यावर. मग म्हणाला, "मला माहीत नाही रे."

"मला पण नाही."

"तू गार्ड होतास."

"हौ. तरी नाही."

मग तो हळूच म्हणाला, अंधारात काही चाचपावं तसा, "मे महिना होता."

"हौ. लग्नसराई."

"दारात पण बसले होते लोक. सुटताना मी मागे बघितलं होतं. पाय बाहेर सोडून बसले होते."

"जागा नव्हती आत," मी म्हणालो. "माझ्या डब्यात पण एका बाईला बसवलं होतं. लहान लेकरू होतं तिच्याजवळ. कडेवर."

"पुढच्या डब्यात बँडवाले होते. नांदेडला चढले होते. इंजिनापर्यंत ऐकू येत होतं त्यांचं."

"किती होते?"

"थांब," केशव म्हणाला. "आठवू दे."